भावी ग्रामवैद्य आणि ऐच्छिक नेमणुकीचा महिना

नागझिऱ्याचे नाव काढले की शहरातील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो. व्यंकटेश माडगूळकरांनी या रानावर त्याच नावाचे पुस्तक लिहिले. ते वाचून कित्येकांनी तेथवर वाट काढली. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी ही गावे प्रवाशाला अभयारण्याची प्रवेशद्वारे म्हणून ठाऊक असतात. पहाटे गाडीत बसावे, तलावाकाठी सांबर पाहावे आणि संध्याकाळी साकोलीमार्गे नागपूरची वाट धरावी, इतकाच त्याचा आणि या मुलखाचा संबंध. पण रानाच्या भोवती माणसे राहतात. गोंड आहेत, हलबा आहेत, पोवार आणि कोहळी शेतकरी आहेत, तलावांवर जगणारे ढिवर आहेत. ती पावसाळ्यात गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करतात, चैत्राच्या सुमारास पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचावयास जातात, वैशाखात तेंदूची पाने तोडतात. तीही आजारी पडतात, आणि आजारी पडली म्हणजे प्रथम ज्या दारात जातात ते दार प्राथमिक आरोग्य केंद्राचे असते.

त्या दारात पुढे उभा राहणारा डॉक्टर आज कोठल्या तरी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत आहे. कदाचित तो गोंदियाच्याच शासकीय महाविद्यालयात असेल. ते 2016 साली सुरू झाले, आणि तेथील कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही त्याच्या शिक्षणाची ठिकाणे होत. कदाचित तो पुण्यामुंबईच्या एखाद्या सुखवस्तू घरातील मुलगा किंवा मुलगी असेल. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास महाराष्ट्रात बंधपत्रानुसार एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, आणि ते वर्ष कोणाचे कोठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून या विद्यार्थ्याने शिक्षणक्रमातील मोकळा महिना कसा घालवावा, हा प्रश्न वाटतो तितका केवळ महाविद्यालयापुरता नाही.

मोकळा महिना म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. एम्.बी.बी.एस्.च्या विद्यार्थ्याचे दिवस आखून दिलेले असतात. आज शल्यविभाग, उद्या प्रसूतिविभाग, परवा नेत्रविभाग, अशा पाळ्या ठरलेल्या. त्यांत निवडीला जागा नसते. 2019 च्या नियमावलीने मात्र भारतात प्रथमच सर्व विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक नेमणुका आणल्या. विद्यार्थ्यांच्या बोलीत त्यांना ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाची परीक्षा आटोपली की दुसरा भाग सुरू होण्यापूर्वी चार-चार आठवड्यांचे दोन तुकडे विद्यार्थ्याच्या निवडीवर सोडले गेले. पहिल्या तुकड्यात प्रयोगशाळा, मूलभूत शास्त्र अथवा एखादे चालू संशोधन. दुसऱ्यात रुग्णालयाचा एखादा विभाग, किंवा ग्रामीण वा नागरी वस्तीतील दवाखाना. 2023 च्या नियमावलीने हे दोन महिने घटवून एकावर आणले. प्रत्येक तुकडा पंधरा दिवसांचा झाला. हजेरी आणि नोंदवही यांची सक्ती आहे. ती पुरी झाल्यावाचून अंतिम परीक्षेस बसता येत नाही.

पंधरा दिवस म्हणजे काहीच नव्हे, असे म्हणून बहुतेक जण हा प्रश्न निकालात काढतात. कोणी तो काळ पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नसंग्रहांवर घालवतो आणि हजेरीपुरता विभागात तोंड दाखवतो. कोणी महाविद्यालयाच्या सर्वांत नावाजलेल्या विभागात, म्हणजे हृदयरोग किंवा मेंदूच्या शल्यचिकित्सेत, नाव घालतो. त्याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: पुढे हे पाहावयास मिळणार नाही, तेव्हा आताच पाहून घ्यावे. हे उत्तर अगदी टाकाऊ नाही. ज्याला हृदयरोगतज्ज्ञ व्हावयाचे आहे त्याने तेथेच जावे. पण ज्याला प्राथमिक वैद्यकीचे काम करावयाचे आहे, किंवा ज्याच्या नशिबी ते येण्याचा संभव आहे, त्याच्या बाबतीत हा न्याय उलटा लागू होतो. जे पुढे कधीच करावयाचे नाही ते पाहण्यात त्याने आपला एकुलता एक मोकळा महिना का घालवावा? जे पुढे एकट्याने, रात्री, कोणाला विचारण्याची सोय नसताना करावे लागणार आहे, ते शिक्षकाच्या डोळ्यांसमोर एकदा करून पाहणे हाच त्याचा खरा उपयोग होय.

उदाहरणादाखल नागझिऱ्याच्या परिसरातील श्रावणातली एक रात्र डोळ्यांपुढे आणावी. पहाटे तीनच्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आईबाप आरोग्य केंद्रात येतात. मुलगी जमिनीवर निजली होती. मध्यरात्री पोट दुखते म्हणून उठली, एकदा ओकली, आता घसा धरला म्हणते. अंगावर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. परीक्षेच्या पुस्तकातील सर्पदंश असा नसतो. त्यात दाताच्या दोन खुणा आणि सुजलेला पाय असतो. म्हणून अननुभवी डॉक्टर पोटदुखीचे इंजेक्शन देऊन ‘सकाळी पाहू’ म्हणण्याचा संभव असतो. ज्याने एकदा मण्यारीचा दंश पाहिला आहे तो मात्र मुलीला वर पाहावयास सांगतो. पापण्या उचलत नाहीत. मण्यार रात्री घरात शिरते, निजलेल्या माणसाला चावते, तिचा दंश दुखत नाही आणि खूण बहुधा सापडत नाही. विष स्नायूंना निकामी करीत पापण्यांवरून घशाकडे आणि घशावरून श्वासाकडे जाते. प्रतिविषाच्या दहा कुप्या शिरेतून द्यावयाच्या. पण श्वास मंदावला तर केवळ प्रतिविषावर भागत नाही. तोंडावर मुखवटा धरून अंबू पिशवीने श्वास देत राहावे लागते, आणि तो मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत, वाटेत रुग्णवाहिकेतही, क्षणभर न थांबता द्यावा लागतो.

आता पाहावे की या एका रात्रीसाठी विद्यार्थ्याला काय यावयास हवे होते. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून जबडा वर उचलणे, म्हणजे भूलशास्त्राच्या विभागात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते कौशल्य. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवणे आणि ते गोठले की नाही हे पाहणे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. घड्याळ आणि संयम लागतो. तसेच प्रतिविषाची प्रतिक्रिया उमटली, अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब घसरला, तर अॅड्रिनॅलिन देण्याचा धीर. हा धीर पुस्तकातून येत नाही. कित्येक ठिकाणी प्रतिविष कपाटात असूनही रुग्णाला तसाच पुढे पाठवले जाते, त्यामागे बहुधा अज्ञानापेक्षा ही भीती अधिक असते. ज्याने वरिष्ठाच्या देखरेखीखाली एकदा ते देऊन पाहिले आहे, त्याची भीती पुष्कळशी मोडलेली असते.

म्हणून दुसऱ्या पंधरवड्यासाठी विद्यार्थ्याने विभागाचे नाव पाहू नये. तेथे विद्यार्थ्याच्या हातून काय करून घेतात ते पाहावे. मागच्या तुकडीतील मुलांना हे बिनचूक ठाऊक असते आणि त्यांना विचारण्यास पैसा पडत नाही. हृदयविभागात भिंतीला पाठ लावून पडद्यावर चालणारी नळी पाहण्यापेक्षा अपघात विभागात रात्रपाळी धरून रोज दहा हृदयालेख स्वतः वाचणे कितीतरी हिताचे, कारण छातीत दुखणारा शेतकरी आरोग्य केंद्रातही येतो आणि तेथे हृदयालेखाचे यंत्र असले तरी वाचणारा एकच असतो. प्रसूतिकक्षाचेही असेच. त्याची ठरलेली पाळी प्रत्येकाच्या वाट्याला येते, पण गर्दीच्या रुग्णालयात एका प्रसूतीभोवती आठ विद्यार्थी उभे असतात. ऐच्छिक पंधरवड्यात रात्री तेथे राहिलेल्या विद्यार्थ्याला जन्मल्याबरोबर न रडणारे मूल हातात घ्यावयास मिळते. त्या मुलाच्या आयुष्यातील पहिले मिनिट म्हणजे पुसणे, उब देणे, मान सरळ करणे आणि जरूर तर पिशवीने श्वास देणे. एवढे ज्याच्या बोटांना येते त्याच्या हातून पुढे किती मुले जगतील याची मोजदाद कोणी ठेवणार नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ही दुसरी गोष्ट. गर्भाशय हाताने चोळून घट्ट करणे आणि ऑक्सिटोसिन वेळेवर देणे यांत जेवढा वेळ जातो, तेवढ्यातच बाईचा जीव असतो.

पहिल्या पंधरवड्याकडे भावी ग्रामवैद्य बहुधा तुच्छतेने पाहतो. प्रयोगशाळेत आपले काय काम, असे त्याला वाटते. नागझिऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा समज फार चुकीचा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. सांधे दुखतात म्हणून आलेल्या मुलाला संधिवाताच्या गोळ्या देत वर्षे निघून जातात, आणि साध्या विद्राव्यता-चाचणीने जे कळले असते ते कळत नाही. या आजारासाठी राष्ट्रीय मोहीम 2023 च्या जुलैत सुरू झाली. पण मोहिमेच्या कागदावर खूण करणे निराळे आणि चाचणीतून केवळ वाहक कोण व प्रत्यक्ष रुग्ण कोण हे का उलगडत नाही, त्यासाठी पुढची तपासणी का लागते, हे समजून एखाद्या आईला सांगता येणे निराळे. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस बसलेला विद्यार्थी हे सांगू शकतो. सूक्ष्मजीवशास्त्रात बसलेला हिवतापाचे रक्तपटल स्वतः रंगवून पाहतो. झटपट चाचणीची पट्टी आज सर्वत्र मिळते, तरी पट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही हे रक्तपटल पाहिलेल्यालाच नीट उमजते. 2018 साली नागपूर विभागात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा गवतातील बारीक कीटकाच्या चाव्याची काळी खपली अंगावर शोधावयाची असते, हे पुष्कळांना नव्याने शिकावे लागले. काखेत, कमरेला, कपड्यांखाली दडलेली ती खपली रुग्णाला संपूर्ण तपासल्यावाचून दिसत नाही. आणि संपूर्ण तपासण्याची सवय ही घाईच्या बाह्यरुग्ण विभागात प्रथम मरते.

त्वचाविभागाचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. शहरात त्याची कीर्ती सौंदर्योपचारांसाठी झाली आहे आणि हुशार मुले त्याच कारणाने तिकडे धावतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात कुष्ठरोग आजही आढळतो. पाठीवरचा फिकट, बधिर चट्टा वेळेवर ओळखला तर काही महिन्यांच्या गोळ्यांनी रोग जातो. न ओळखला तर बोटे वाकतात आणि मग रोग बरा झाला तरी हात परत येत नाही. कापसाच्या बोळ्याने संवेदना पाहणे आणि कोपराशी मज्जातंतू चाचपणे यांस पाच मिनिटे लागतात. हे शिकावयाचे असेल तर सौंदर्योपचारांच्या दालनाऐवजी त्याच विभागाच्या कुष्ठरोगाच्या बाह्यरुग्ण कक्षात बसावयास मागावे. विभाग एकच, पण विद्यार्थी काय मागतो यावर त्याला काय मिळते हे ठरते.

मोठ्या रुग्णालयातील कोणताही विभाग निवडला तरी एक उणीव राहतेच. 1961 साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला; तो आता वैद्यकशिक्षणात प्रसिद्ध आहे. एक हजार प्रौढ माणसे घेतली तर महिनाभरात सुमारे साडेसातशेंना काही ना काही दुखणे होते, अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ रुग्णालयात दाखल होतात, पाच दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जातात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो केवळ एक. हे आकडे अमेरिका व ब्रिटनमधील होते; गोंदिया जिल्ह्याचे ते तसेच्या तसे असतील असे नाही. पण त्यांतला बोध येथेही खोटा नाही. विद्यार्थी साडेचार वर्षे त्या एका माणसाच्या उशाशी उभा राहून शिकतो आणि पुढे आयुष्यभर उरलेल्या अडीचशेंवर उपचार करतो. जे साडेसातशे येतच नाहीत, त्यांची तर त्याला कल्पनाही नसते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील शंभरात ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार आढळला, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ आठ होत्या. रुग्णालयाच्या भिंतीआड हा आकडा कधीच दिसला नसता.

ही गोष्ट जुन्या मंडळींना समजली नव्हती असे नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 च्या अहवालातच म्हटले होते की, डॉक्टरला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिने शिक्षण द्यावे व तो सामाजिक वैद्य व्हावा. सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले तेव्हा विद्यार्थ्याला आरंभीच आश्रमात आणि नंतर खेड्यात राहावयास लावण्याची प्रथा पडली. आता तर प्रत्येक महाविद्यालयातील विद्यार्थ्याला काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जावे लागते. तथापि गाडी भरून गावात जाणे, अर्ज भरणे आणि जेवणापूर्वी परत येणे याला खेडे पाहणे म्हणता येत नाही. खेडे रात्री दिसते.

तेव्हा सर्वांत धाडसाची, आणि प्राथमिक वैद्यकीकडे जाणाऱ्यास बहुधा सर्वांत फायद्याची निवड म्हणजे दुसरा पंधरवडा प्रत्यक्ष ग्रामीण केंद्रात काढणे. तिला नियमांत आधार आहे, पण एक अट आहे आणि ती टाळता कामा नये: तेथे शिकवणारा माणूस हवा. आदिवासी व डोंगरी भागात वीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण आहे. त्या केंद्रातील डॉक्टर आधीच कामात बुडालेला असतो. तो विद्यार्थ्याला जवळ बसवून घेत नसेल तर पंधरा दिवस औषधांच्या खोलीत नोंदी उतरवण्यात जातात, आणि त्यापेक्षा प्रसूतिकक्ष शतपटीने बरा. म्हणून आधी महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाकडे चौकशी करावी, नाव ठरवावे, शक्य तर एकदा जाऊन भेटून यावे. केंद्राची इमारत, गाव, निसर्ग यांवरून निवड करू नये. नागझिऱ्याजवळचे केंद्र मिळाले म्हणून वाघ पाहण्याची सोय झाली, असा विचार करणाऱ्याने सरळ सहलीस जावे.

चांगला शिक्षक मिळाला तर मात्र तेथे जे मिळते ते अन्यत्र मिळत नाही. मोहफुले वेचताना अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस प्रथम तेथे येतो. रक्त थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि शिवण्याचा मोह आवरून पुढे पाठवणे हा धडा तेथेच मिळतो. कुत्रा चावलेल्या मुलाची जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हे लशीइतकेच महत्त्वाचे असते, आणि ते स्वतः उभे राहून करून घ्यावे लागते. पुढे पाठवण्याची चिठ्ठी कशी लिहावी हेही तेथेच कळते: काय दिले, किती वाजता दिले, का पाठवले. अशी चिठ्ठी नसली की गोंदियात किंवा नागपुरात पहिल्यापासून सुरुवात होते. शिवाय शिक्षक केवळ डॉक्टरच असतो असे नाही. कोणत्या टोल्यावरची कोणती गर्भवती रोवणी संपल्यावाचून तपासणीस येणार नाही, कोणाच्या घरी दारू आहे आणि कोणाच्या घरी उपास, हे आरोग्यसेविकेला आणि आशाताईला माहीत असते. त्यांच्याबरोबर चार दिवस पायी हिंडलेला विद्यार्थी रोग्याला ‘औषध का घेतले नाही’ असे दरडावून विचारण्याचे विसरतो.

अशा ठिकाणी बुद्धी गंजते ही सुशिक्षित घरांतील भीती मात्र निराधार आहे. नागपुरात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे व मुले मरत होती. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून तासातासाने घाम, नाडी, रक्तदाब, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या. 1982 साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले आणि पुढे प्राझोसिन या स्वस्त, जुन्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. ज्या साधनांनी हे काम झाले ती साधने नागझिऱ्याच्या कोणत्याही केंद्रात आहेत. पहिल्या पंधरवड्यात संशोधन निवडणाऱ्याने असाच एखादा लहान, मोजता येण्याजोगा प्रश्न घ्यावा; सर्पदंशाचे रोगी दंशानंतर किती तासांनी पोहोचले, आधी कोणाकडे गेले, एवढ्याची नोंद पंधरा दिवसांत जुन्या कागदांतूनही निघू शकते.

राहता राहिली व्यवस्था. विद्यार्थिनींच्या बाबतीत राहण्याची जागा आधी पाहून, परिचारिकांच्या निवासाजवळ ठरवावी. महाविद्यालयाचे लेखी पत्र बरोबर असावे आणि रोजची सही त्याच दिवशी घ्यावी, नाहीतर हजेरीचा घोळ परीक्षेच्या तोंडावर उपटतो. घरच्यांनी खाऊच्या डब्यांऐवजी मच्छरदाणी द्यावी. ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली म्हणजे डासही आत येत नाही आणि मण्यारही. पायात घोट्याच्या वरपर्यंतचे बूट असावेत, निजावयास खाट असावी, आणि रात्री रोगी आल्याची हाक ऐकून दारातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी विजेरी लावून उंबऱ्यापलीकडची जमीन पाहून घ्यावी.